नोतोचे खांब आणि आप्पांची काच

इटलीतल्या सिसिली बेटावर नोतो नावाचं गाव आहे. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये शिरलं की सगळे आधी मान वर करतात. घुमट आहेच तसा. माझी नजर मात्र खांबांकडे गेली आणि तिथेच राहिली. उजव्या हाताच्या रांगेतल्या एका खांबाजवळ जाऊन मी त्याच्या तळाच्या दगडावर तळवा टेकवला. दगड गार होता. खांब आतून भरीव आहे की पोकळ, हे हात लावून कळत नाही, ते मला ठाऊक आहे. पण चाळीस वर्षं बांधकामात गेलेल्या माणसाचा हात आपसूक तिकडे जातो.

लेक मागून म्हणाली, "बाबा, वर बघा की. खांबात काय बघताय?"

"थांब गं जरा," मी म्हटलं. "इथला खांबच पडलेला."

मी मूळचा खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावचा. राहायला गेली पस्तीस वर्षं बेळगावात. आमचे आप्पा गौंडी होते. चिऱ्याचं, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचं, काम त्यांच्यासारखं करणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे मी मुलगा म्हणून नाही, त्याच धंद्यातला म्हणून सांगतो. मी डिप्लोमा केला आणि छोटी-मोठी कंत्राटं घेत आलो. घरं बांधली, शाळेच्या खोल्या बांधल्या, देवळांचे सभामंडप बांधले. लेक सिसिलीत कतानियाला नोकरीला आहे. दसरा झाल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे जवळजवळ तीन आठवडे जाऊन आलो. तिनं रोम, पोम्पेई सगळं ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, तू दाखवशील ते बघू, पण मला एक दिवस नोतोला ने. तिला वाटलं, बाबांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं असेल. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही.

कतानियाहून सिराकुझा आणि तिथून नोतो, असं आगगाडीनं गेलो. सिराकुझापासूनचा टप्पा अर्ध्या-पाऊण तासाचा. बाहेर बदामाची झाडं, ऑलिव्ह, लिंबाच्या बागा, आणि शेताशेतांमधून कमरेएवढे दगडी बांध. त्यांत चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. ही खिडकीतून बघून म्हणाली, "अहो, हे आपल्या जांबोटीकडचे गडगेच की!" खरोखर तसेच होते. रंग तेवढा वेगळा, आपल्याकडे तांबडा आणि तिथे पांढरट.

स्टेशन खाली आहे, गाव वर. चढ चढून गेलं की एक मोठी कमान लागते. १८३८ साली राजा फर्डिनांड दुसरा येणार म्हणून बांधलेली. तिच्यातून आत गेलं की गावाचा मुख्य रस्ता सरळ समोर पडतो. दोन्ही बाजूंना जे काही उभं आहे ते सगळं एकाच दगडाचं: चर्चं, मठ, सरदारांचे वाडे, नगरपालिका. चुनखडीचा दगड, रंगानं ताज्या गुळाच्या ढेपेसारखा. सकाळी फिकट दिसतो आणि ऊन कललं की आतून दिवा लावल्यासारखा पिवळा होत जातो. रस्ता पूर्व-पश्चिम काढलाय, त्यामुळे दिवसभर कुठल्या ना कुठल्या दर्शनी भिंतीवर ऊन असतंच. आखणाऱ्यानं ते बघूनच आखलं असणार.

हे सगळं गाव एका भूकंपातून जन्माला आलंय. ११ जानेवारी १६९३ ला सिसिलीच्या आग्नेय भागात भूकंप झाला आणि सुमारे साठ हजार माणसं गेली. जुनं नोतो अल्व्हेरिया नावाच्या डोंगरावर होतं, ते भुईसपाट झालं. मग काही मैलांवर, समुद्राच्या बाजूला, उतारावर नवीन जागा धरली. स्पेनच्या व्हाइसरॉयनं पुनर्वसनाच्या कामावर कामास्त्राच्या ड्यूकला, ज्युसेप्पे लान्झाला, नेमलं. जागेवरून गावकऱ्यांत बरीच वर्षं वाद चालला. पुष्कळांना पुन्हा डोंगरावरच जायचं होतं. गाव उठवून दुसरीकडे वसवणं म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात हिडकल धरणाच्या लोकांना विचारावं. नव्या गावात रस्ते रुंद मिळतात, घरापुढे जागा मिळते, आणि म्हातारी माणसं मरेपर्यंत जुन्या पाणवठ्याच्याच गोष्टी सांगत राहतात.

पण नोतोच्या लोकांनी नव्या जागेचं जे केलं ते बघून मी थक्क झालो. रोझारिओ गाल्यार्दी, व्हिंचेन्झो सिनात्रा, पाओलो लाबीझी या तिघांची नावं लेक प्रत्येक इमारतीपुढे वाचून दाखवत होती. बरोक म्हणतात ती ही शैली. दर्शनी भिंत सरळ ठेवायचीच नाही, कुठे तिचं पोट पुढे काढायचं, कुठे ओंजळीसारखी आत वळवायची. ऊन सरकेल तशा सावल्या सरकतात आणि भिंत हलल्यासारखी वाटते. निकोलाची वाड्याच्या बाल्कन्यांखाली तर मी मान मोडेपर्यंत उभा होतो. बाल्कनीला आधार देणारे जे दगडी हात भिंतीतून बाहेर आलेत, त्या प्रत्येकाचं काहीतरी केलंय. कुठे सिंह, कुठे पंख असलेला घोडा, कुठे जलपरी, कुठे गाल फुगवलेलं पोर. वरचे लोखंडी गज खाली पोट सुटल्यासारखे पुढे आलेले. एका घोड्याच्या नाकपुड्या खालून दिसतात. त्या आत खोल कोरलेल्या आहेत, आणि तिथे छिन्नीचे बारीक ओरखडे अजून शाबूत आहेत. रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही अशा जागी माणसानं एवढी मेहनत का घ्यावी? आमच्या देगावला, कमलनारायणाच्या देवळात, असंच होतं. बाराव्या शतकातलं काम, आणि कोपऱ्यातल्या अंधारातली नक्षीसुद्धा पुढच्या नक्षीइतकीच मन लावून केलेली.

याच गल्लीत मे महिन्यात तिसऱ्या रविवारच्या सुमाराला अख्खा रस्ता फुलांच्या पाकळ्यांनी रंगवतात. ही म्हणाली, "म्हणजे रांगोळीच की." आम्ही गेलो तेव्हा नुसता दगड होता, आणि मला तेवढा पुरेसा होता.

आता चर्चकडे येतो.

सान निकोलो कॅथेड्रल रस्त्यापासून उंचावर आहे. तिथे जायला एवढा रुंद जिना केलाय की अख्ख्या गावानं एकदम चढावं. पायऱ्या ठेंगण्या, पाऊल सहज पडतं. हिचे गुडघे दुखतात, तरी न थांबता वर गेली. समोरची भिंत दोन मजली, दोन्ही बाजूंना मनोरे. अठराव्या शतकात टप्प्याटप्प्यानं काम होत होत १७७६ मध्ये चर्च पुरं झालं. घुमटाचं नशीब मात्र पहिल्यापासून खडतर. एकोणिसाव्या शतकातही तो एकदा भूकंपात पडून पुन्हा उभा राहिला होता.

१९५० च्या दशकात वरचं जुनं लाकडी छप्पर काढून तिथे काँक्रीटचं जड छप्पर घातलं. तेव्हा जगभर तीच समजूत होती की काँक्रीट घातलं म्हणजे काम पक्कं झालं. १३ डिसेंबर १९९० ला पूर्व सिसिलीत भूकंप झाला. चर्च पडलं नाही, पण खांबांना चिरा गेल्या. आणि १३ मार्च १९९६ च्या रात्री, कुठलाही भूकंप नसताना, उजव्या रांगेतला खांब फुटला. त्याच्यामागून मधल्या दालनाचं छप्पर, उजवं दालन आणि घुमटाचा मोठा भाग खाली आला. रात्रीची वेळ, आत कुणी नव्हतं. एकही माणूस दगावला नाही.

पडल्यावर तज्ज्ञांनी खांब तपासले. बाहेरून घडीव दगडाचं कवच, त्यावर गिलावा. पोटात मात्र नदीतले गोल गोटे आणि कमजोर चुना. गोल गोटा एकमेकाला धरत नाही. गोट्यांची पिशवी भरा आणि वरून दाबा, पिशवी बाजूंनी फुगते. इथेही तसंच. आतली भर वर्षानुवर्षं दबत गेली, भार सगळा बाहेरच्या कवचावर आला, कवच बाहेर ढकललं जायला लागलं आणि खांबाला उभ्या चिरा पडल्या. त्या चिरांवर गिलावा होता.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरं पडली त्यांच्या भिंती अशाच होत्या. बाहेरचं एक तोंड, आतलं एक तोंड, मधे माती आणि डबर, आणि दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड नाही. तिथे हजारो माणसं झोपेत गेली.

आप्पा शाळेत गेले ते दुसरीपर्यंत. पण भिंतीची चीर त्यांना पुस्तकासारखी वाचता यायची. "तिरकी चीर दिसली तर पाय बघायचा," ते सांगायचे, म्हणजे पाया खचतोय. "आडवी दिसली तर वरचं ढकलतंय. आणि खांबाला उभी दिसली की गप बसायचं न्हाई. उभी चीर म्हंजे खांब वरडूलालाय." त्यांच्या थैलीत थापी, ओळंबा, दोरी यांच्याबरोबर खिडकीच्या काचेचे तुकडे असायचे, फडक्यात गुंडाळलेले. बोटभर रुंद, वीतभर लांब. चिरेवर आडवा तुकडा ठेवायचा, दोन्ही टोकांना घट्ट कालवलेल्या सिमेंटचा ठिपका द्यायचा आणि शेजारी खिळ्यानं तारीख कोरायची. चीर जुनी आणि झोपलेली असली तर काच वर्षभर तशीच राहते. चीर चालत असली तर काच तडकते. मालकाला खर्च सांगायच्या आधी आप्पा काच लावून दोन महिने वाट बघायचे. त्यात त्यांची कामं हातची जायची. दुसरा मेस्त्री येऊन त्याच आठवड्यात गिलावा मारून पैसे घेऊन जायचा.

गिलाव्याशी त्यांचं वैर मात्र नव्हतं. मी सातवीत असताना ते मला जुन्या गोव्याला घेऊन गेले होते. बॉम जेझूचं चर्च चिऱ्याचं आहे, १६०५ साली पुरं झालेलं, तेही बरोकच. त्याच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकलाय, म्हणून ते असं तांबडं, उघडं दिसतं. लोकांना तो रंग फार आवडतो. आप्पांना वाईट वाटलं होतं. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "ह्याचा सदरा काढलाय रे. आपल्याकडचा पाऊस अंगावर घेतल्यावर चिरा किती दिवस टिकणार?" चिरा खाणीतून काढल्यावर वाऱ्यानं कठीण होतो हे खरं, पण पाऊस त्याला वर्षानुवर्षं खातोच. तिथेच आत सेंट झेवियरची समाधी आहे. तिचं संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं केलेलं. तोस्कानाच्या ड्यूकनं, कोझिमो मेदिची तिसरा यानं, ते भेट म्हणून पाठवलं आणि १६९८ मध्ये ते तिथे बसवलं. इटलीतल्या माणसाच्या हातचं काम मी पहिल्यांदा बघितलं ते तिथे, आप्पांचं बोट धरून. म्हणजे आप्पांना गिलावा हवा होता, पण दगडाच्या रक्षणासाठी. चीर झाकायला नको होता.

आता नोतोला का जायचं होतं, ते.

२००६ साली माझ्याच गावच्या रवळनाथाच्या देवळाचं काम माझ्याकडे आलं. गाभारा जुना, दगडी. सभामंडपाच्या भिंती दीड फुटी, दगडाच्या आणि मातीत रचलेल्या, वर लाकडी वासे आणि खानापुरी कौलं. वासे किडले होते. पंचांचं म्हणणं पडलं की आता स्लॅबच टाकू, शेजारच्या गावानं टाकलाय, दर पावसाळ्याला कौलं फिरवायची कटकट जाईल. मी हिशेब केला होता. कौलारू छपराचं वजन वाशांसकट चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास. चार इंची स्लॅबचं तेवीस-चोवीस किलो. जवळजवळ चौपट भार, आणि तो मातीतल्या भिंतींवर. स्लॅबसाठी स्वतंत्र खांब उभे करायचे तर खर्च दुप्पट होत होता, आणि वर्गणी तेवढी जमली नव्हती. मी पंचांना एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोललो नाही. काम घेतलं, स्लॅब टाकला, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. वास्तुशांतीला गावानं मला फेटा बांधला.

आप्पा तेव्हा थकले होते. देवळात पाया पडून आले आणि ओट्यावर बसले. म्हणाले, "मातीच्या भिंतीला सिमेंट? घाम कुठनं सोडणार ती?" मी उत्तर दिलं नाही. तेही पुन्हा काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले.

२०१७ मध्ये पुजाऱ्यानं फोन केला, पूर्वेच्या भिंतीला चीर दिसत्या म्हणून. मी गेलो. दाराच्या चौकटीपासून हात-दीड हात लांब, खांबाच्या भागात उभी चीर होती. जत्रा आठ दिवसांवर आलेली. आप्पांची थैली माझ्या घरी माळ्यावर होती आणि तिच्यात काचेचे तुकडे होते, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा. पण मी चीर खरवडली, सिमेंट भरलं आणि वरून रंग दिला. जत्रा चांगली झाली.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. मातीची हजारो घरं बसली. आमच्या देवळाची पूर्वेची भिंत रात्री दोनच्या सुमाराला गेली आणि तिच्यामागून अर्धा स्लॅब. सकाळी काकड आरतीला म्हातारी माणसं जमायची वेळ साडेपाचची. साडेतीन तासांचं अंतर. पंचांनी पावसाला दोष दिला, गावानं पावसाला दोष दिला, आणि मी मान डोलावली. त्यानंतर एका इंजिनिअर मित्रानं मला नोतोच्या खांबांवरचा लेख वाचायला दिला. त्याला माझं काही माहीत नव्हतं, सहज दिला. जड काँक्रीट, पोटातली ढिली भर, उभ्या चिरा, वरून गिलावा, रात्रीची वेळ, आत कुणी नाही. मी तो लेख किती वेळा वाचला असेन सांगता येणार नाही.

म्हणून मी त्या खांबाजवळ उभा होतो. तिथल्या लोकांनी पुढे काय केलं, तेही मला डोळ्यांनी बघायचं होतं. डाव्या रांगेतले खांब पडले नव्हते. ते तपासले तर पोटात तेच गोटे निघाले. उभे होते म्हणून तसेच ठेवले नाहीत, तेही उतरवून नव्यानं बांधले. वर भार असताना खांब बदलणं म्हणजे टेकू, सेंटरिंग आणि रोजची धास्ती. नवे खांब घडीव चुनखडी दगडाचे, चुन्याच्या मसाल्यात. घुमटही पुन्हा उभा केला. १८ जून २००७ ला चर्च उघडलं, पडल्यापासून अकरा वर्षांनी. आतून आता सगळं दुधाळ पांढरं आहे, स्वच्छ उजेडाचं. घुमटाच्या आतली चित्रं ओलेग सुपेरेको या रशियन चित्रकाराची. लेकीच्या आग्रहानं शेवटी मी मान वर केली. वर निळं आकाश, माणसांचं कोंडाळं आणि मधून उतरणारा उजेड. सुंदर आहे. मी तरी उजेड कुठल्या खिडकीतून आत येतो आणि घुमटाचा भार कुठल्या कमानीवर उतरतो, हेच बघत राहिलो.

चर्चमध्ये चांदीची एक मोठी पेटी आहे. तिच्यात गावच्या संताच्या, सान कोर्रादोच्या, अस्थी आहेत. १९ फेब्रुवारीला आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ती मिरवणुकीनं गावातून निघते, आपल्या पालखीसारखी. लेक बाकावर बसून मोबाइलवर त्याची गोष्ट वाचून आम्हाला सांगायला लागली. कोर्रादो उत्तरेतला, पियाचेन्झाचा, सरदार घराण्यातला. शिकारीला गेला असताना जनावर बाहेर काढायला त्यानं झुडपांना आग लावली. वारा सुटला आणि आग हाताबाहेर गेली, शेतं जळाली. तो गुपचूप घरी आला. शिपायांनी रानात सापडलेल्या एका गरीब माणसाला धरलं आणि त्याला मरणाची शिक्षा झाली. त्याला नेत असताना कोर्रादो पुढे झाला आणि म्हणाला, आग मी लावली. नुकसान भरून देता देता त्याचं सगळं गेलं. मग घरदार सोडून तो भटकत नोतोजवळ आला, डोंगरातल्या गुहेत राहिला आणि १३५१ मध्ये वारला.

"भारी आहे ना गोष्ट?" लेक म्हणाली.

मी हो म्हटलं. मग तिथेच बसून तिला आणि हिला देवळाची सगळी हकिगत सांगितली. हिला भिंत पडली तेवढं ठाऊक होतं, २०१७ ची चीर ठाऊक नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आप्पांना कळलेलं?" मी म्हटलं, "ते गेलेले तेव्हा. पण ओट्यावर बसून जे बोलले त्यात सगळं आलं होतं."

संध्याकाळी जिन्यावर बसलो. नगरपालिकेच्या इमारतीवर ऊन उतरत होतं आणि दगड गुळासारखा पिवळा झाला होता. शेजारी एक म्हातारा गृहस्थ येऊन बसला, गावचाच. लेकीनं दोन शब्द बोलून ओळख काढली. मी बांधकामातला आहे हे कळल्यावर त्यानं माझा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावरचे घट्टे बघितले. ९६ साली तो याच गावात होता. आवाज ऐकून लोक धावत आले, धुळीनं दिवे दिसेनात, एवढं त्यानं सांगितलं. पुढचं हातांनी सांगितलं. दोन्ही तळवे एकमेकांवर आडवे ठेवले आणि सावकाश खाली नेले. दुसऱ्या दिवशी गाव रडत होतं, म्हणाला. मग लेकीला विचारलं, तुझे वडील काय बांधतात? ती म्हणाली, घरं आणि देवळं. तो म्हणाला, मग त्यांना माहीत असेल.

जाताना बदामाचा ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड पदार्थ, खाल्ला, पावाबरोबर. बेळगावचा कुंदा खाऊन वाढलेल्या जिभेलाही तो पसंत पडला.

दिवाळीच्या तोंडावर परत आलो आणि पाडवा झाल्यावर गावाला गेलो. सभामंडपाच्या जागी २०१९ पासून पत्र्याचा मांडव आहे. नव्या बांधकामाची वर्गणी चालू आहे आणि पंच बैठकीला बसले होते. मी उभा राहून सांगितलं: स्लॅबचा भार भिंतींना पेलणार नव्हता हे मला २००६ मध्येच कळत होतं, चीर दिसल्यावर मी ती झाकली, दोष पावसाचा नव्हता. बैठकीत कुणी काही बोलेना. मग सगळ्यांत थोरले नाना म्हणाले, "स्लॅब पायजे म्हणून आमीच लागलेलो की तुझ्या मागं."

"तुमी लागलेला, नाना. खरं, न्हाई म्हणायचं काम माझं होतं."

नाना जमिनीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं विचारलं, "गाभारा तरी ऱ्हाईल न्हवं रे?"

बॅटरी घेऊन मी गाभाऱ्यात गेलो. देवाच्या मागच्या भिंतीला, समईच्या काजळीखाली, केसाएवढी एक चीर आहे. तिरकी, उभी नाही. कधीची आहे कुणाला आठवत नाही. आप्पांची थैली मी बरोबर नेली होती. फडकं सोडलं, वीतभर काच काढली, चिरेवर आडवी धरली. पुजाऱ्यानं वाटीत सिमेंट कालवून दिलं. दोन ठिपके दिले आणि शेजारी खिळ्यानं तारीख कोरली. पंचांना म्हटलं, दोन महिने नव्या कामाचं कुणी बोलायचं नाही. आणि नंतर जे काही होईल ते गाभाऱ्याला न टेकता, स्वतःच्या पायावर, वर कौलं. मजुरी मी घेणार नाही.

काल रविवारी पुन्हा जाऊन आलो. पुजाऱ्यानं काचेवरची काजळी रोज पुसून ठेवलीय. बॅटरी तिरकी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. सहा आठवडे झाले, काच अजून अखंड आहे.